पाच गुंठ्यांतलं डांगर

आत्तीच्या घरी पडवीच्या कोपऱ्यात बाजरीच्या सरमाडाचा थर असायचा आणि त्यावर डांगरं मांडलेली असायची. एकाला एक न चिकटवता, देठ वर करून. दसऱ्याच्या सुमाराला तिथं गेलेली डांगरं संक्रांत ओलांडायची. पाहुणे आले की एक खाली यायचं. बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीला पैसे कमी पडले की दोन पाटीत जायची. तोडून तीन महिने झाले तरी विकता येईल अशी दुसरी फळभाजी त्या घरात नव्हती. वेल उकिरड्याच्या कडेला आपसूक उगवायचा, छपरावर चढायचा आणि त्याच्याकडं मुद्दाम कुणी बघायचंही नाही.

मंडईत ज्याला लाल भोपळा म्हणतात, कुठं काशीफळ तर कुठं गंगाफळ म्हणतात, तेच आमच्या माण तालुक्यात डांगर. होमहवनाला लागणारा आणि दारावर टांगतात तो पांढरट कोहळा निराळा. डांगर मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात एका गुहेत त्याच्या भाऊबंदांच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडं ते पोर्तुगीज आल्यानंतर आलं, पण आता श्राद्धाच्या ताटापासून उपासाच्या भरतापर्यंत सगळीकडं ते घरचंच झालं आहे.

हा लेख उकिरड्यावरच्या त्या वेलाला पाच गुंठ्यांत शिस्तीनं कसं बसवायचं, याबद्दल आहे. घरच्या शेतीला किंवा मजुरीला जोड म्हणून हंगामात काही हजार रुपये हाती यावेत, एवढाच हेतू. माणात हे का जमतं ते आधी सांगतो. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वराला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आमच्या दहिवडी-म्हसवडकडं पाचशेच्या आसपास. तोही वेळेवर नाही. मृग हुलकावणी देतो, श्रावणात उघडीप पडते आणि खरा पाऊस परतीचा. अशा ठिकाणी टोमॅटो लावला तर तो तोडल्यापासून चार दिवसांत विकावाच लागतो, मग भाव कोणताही असो. ज्याच्याकडं माल कमी, गाडी नाही आणि साठवायला जागा नाही, त्याला नाशवंत माल सगळ्यात आधी मारतो. डांगर थांबतं. आजचा भाव पटला नाही तर ते पडवीत महिनाभर बसून राहतं. लहान शेतकऱ्याच्या हातात ही थांबण्याची ताकद देणारी पिकं फार थोडी आहेत. म्हणून मला या पिकाचं मोल किलोमागच्या भावापेक्षा त्याच्या टिकण्यात जास्त वाटतं. पुढचं सगळं काम त्याच एका गोष्टीसाठी करायचं आहे.

सुरुवात बियाण्यापासून नको, पंचांगापासून करा. डांगराला मागणी बारमाही असते, पण ती उसळते पितृपक्षात आणि नवरात्रात. महालयाच्या स्वयंपाकात डांगराची भाजी लागतेच आणि नवरात्राच्या उपासात ते अनेक घरांत चालतं. हे सण दरवर्षी इंग्रजी तारखेनं सरकतात, आणि अधिक महिना आला की फारच. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळं ती ११ ऑक्टोबरला आली. एकोणीस दिवसांचा हा फरक ज्यानं धरला नाही, त्याचं डांगर एका वर्षी वेळेवर येतं आणि दुसऱ्या वर्षी ते वेलावर असतानाच सण निघून जातो. बी मातीत पडल्यापासून पक्कं फळ हाती यायला साधारण १०० ते १२० दिवस लागतात, त्यावर वाळवणीचे आठ-दहा दिवस धरा. घटस्थापनेपासून १२५ ते १३० दिवस मागं मोजलं की २०२६ सालासाठी जूनचा पहिला आठवडा येतो. ज्या वर्षी घट लवकर बसतात, त्या वर्षी मेच्या मध्यालाच बी टाकावं लागतं.

आता अडचण अशी, की मेच्या मध्याला किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात माणात पावसाचा भरवसा नसतो. पाच गुंठे भिजवत बसण्याइतकं पाणी विहिरीला नसतं. यावर तोड म्हणजे रोपं. पूर्वी थेट आळ्यात बी टोकायचे, अजूनही पाणी असेल तर तेच बरं, कारण डांगराच्या मुळाला हलवलेलं सोसत नाही. पण चहाचे कागदी कप घेतले, बुडाला खिळ्यानं तीन भोकं पाडली आणि निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत भरून प्रत्येकात एक बी लावलं, तर दीडशे रोपं अंगणातल्या एका बाजेएवढ्या जागेत मावतात आणि त्यांना दिवसाला दोन कळश्या पाणी पुरतं. पाऊस येवो न येवो, डांगराचं घड्याळ सुरू झालेलं असतं. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावं. दोन-तीन दिवसांत टोकाला पांढरा मोड दिसला की तो खाली करून बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर लावायचं. बारा-पंधरा दिवसांत दोन खरी पानं आली की रोप जागेवर न्यायचं. याहून जास्त दिवस कपात ठेवलं तर मुळं गोल फिरतात आणि मग शेतात ते रोप पंधरा दिवस रुसून बसतं. लावताना कप बाजूनं फाडून काढावा, मातीचा गड्डा फुटू देऊ नये, आणि संध्याकाळची वेळ धरावी.

किती रोपं लागतात? गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पाच गुंठे म्हणजे ५,४४५. दोन ओळींत दहा फूट आणि दोन वेलांत चार फूट अंतर ठेवलं तर एका वेलाला ४० चौरस फूट जागा मिळते, म्हणजे १३६ वेल. दहा फूट ऐकून पहिल्यांदा प्रत्येकाला जागा वाया गेल्यासारखी वाटते. पण दोन महिन्यांनी त्या रानात पाय ठेवायला जागा राहत नाही. पहिले ३०-४० दिवस ती मधली पट्टी मोकळी असते, तेव्हा तिच्यात मेथी किंवा कोथिंबीर टाकावी. वेल पसरायच्या आत ती निघून जाते आणि बियाण्याचा खर्च तिच्यातच भागतो.

बियाणं पन्नास ग्रॅमचं एक पाकीट पुरून उरतं. जात निवडताना एकच प्रश्न विचारा: गिऱ्हाईक अख्खं डांगर उचलणार आहे की फोड घेणार आहे? चार माणसांच्या घराला दोन-तीन किलोचं फळ अख्खं नेता येतं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का चंदन ही जात त्या मापाची आहे आणि तिचा गर चवीला चांगला. त्याच संस्थेची अर्का सूर्यमुखी आणखी लहान, किलोच्या आसपासच्या फळांची. दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा विश्वास पाच किलोच्या आसपास भरते, ती मंगल कार्यालयाला आणि खानावळीला बरी. संकरित बियाणं दुकानात मिळतं, उत्पन्नही देतं, पण त्यातलं बी पुढच्या वर्षी धरता येत नाही. पहिल्या वर्षी मी तरी सरळ वाणच घ्यायला सांगेन.

जमीन मुरमाड असली तरी चालते, फक्त आळ्यात माती तयार करावी लागते. दीड फूट रुंद, फूटभर खोल आळं मेमध्ये काढून उन्हात तापू द्यावं. ओळ उताराला आडवी धरावी, म्हणजे वळवाचं पाणीसुद्धा आळ्यांत थांबतं. प्रत्येक आळ्यात अर्धं घमेलं कुजलेलं खत घालायचं, सगळी मिळून दीड बैलगाडी होते. शेणखतापेक्षा माणात सोपं आणि उत्तम म्हणजे लेंडीखत. मेंढपाळांचा वाडा उन्हाळ्यात रानात दोन रात्री बसवला तर पाच गुंठ्यांचं निम्मं काम होऊन जातं. मेंढरांच्या मुताचीही ताकद जमिनीला मिळते. ताजं शेण मात्र घालू नका, त्यानं कोवळी मुळं भाजतात आणि हुमणी येते. युरियाचा मोहही टाळावा. नत्र जास्त झालं की वेल काळाभोर होऊन धावत सुटतो, बघणारे कौतुक करतात आणि फळाची फुलं मात्र उशिरा येतात. ज्याला खताचं नेमकं प्रमाण हवं आहे त्यानं मातीचा नमुना तपासून घ्यावा. साताऱ्याजवळ बोरगावला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं सल्ला मिळतो.

रोप लागलं की पहिला शत्रू आठ दिवसांत हजर होतो. नारिंगी-लाल रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा भुंगेरा. तो कोवळ्या पानांना चाळणीसारखी भोकं पाडतो. वेल मोठा झाल्यावर त्याचं काही चालत नाही, म्हणून जपायचे दिवस फक्त पहिले वीस. सकाळी दव असताना चुलीतली चाळलेली राख पानांवर भुरभुरावी आणि गारठ्यानं सुस्तावलेले भुंगेरे हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. १३६ रोपांना हे करायला अर्धा तास लागतो. लहान रानाचा हाच फायदा आहे, की प्रत्येक रोपाला हात लागू शकतो.

महिन्याभरात वेल धावू लागतो. त्याला दिशा द्यायची, एकमेकांत गुंतू द्यायचं नाही. आणखी एक काम कुणी करत नाही ते आवर्जून करा. वेलाच्या पेरांपाशी, जिथून पान फुटतं तिथं, ओली माती ओंजळभर चढवा. त्या पेरांना नवी मुळं फुटतात. आमच्या उथळ जमिनीत एका आळ्यावर जगणारा वेल आणि चार ठिकाणी मुळं धरलेला वेल यांच्यातला फरक श्रावणाच्या उघडिपीत कळतो. एक दुपारी मान टाकतो, दुसरा ताठ राहतो.

आता फुलांकडं येऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण डांगराचं नफा-नुकसान इथंच ठरतं.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पिवळीधमक फुलं दिसू लागतात आणि आठवडाभर एकही फळ धरत नाही. घाबरलेला माणूस औषधाच्या दुकानात जातो. औषधाची गरज नसते. आधी येतात ती सगळी नर फुलं. नर फुलाचा देठ बारीक आणि वीतभर लांब, मध्ये पिवळ्या परागाची एकच दांडी. मादी फूल उशिरा येतं. देठ आखूड, जाड आणि फुलाच्या बुडाशी सुपारीएवढं इवलंसं डांगर आधीच बसलेलं. आत मधोमध फाका असलेला चिकट गोंडा. नर पुष्कळ आणि मादी मोजक्या, हे प्रमाण निसर्गाचंच आहे. फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहाच्या सुमाराला मिटतं, कायमचं. त्या तीन-चार तासांत मधमाशीनं नर फुलावरून मादी फुलावर पुरेसे पराग नेले नाहीत, तर ते इवलं डांगर चार दिवसांत पिवळं पडून गळतं. अर्धवट पराग मिळाला तर फळ धरतं पण एका बाजूनं वाकडं होतं. याला शेतकरी कळी गळ म्हणतो आणि त्यावर फवारतो. फवारल्यानं मधमाश्या मरतात आणि गळ वाढते.

आमच्या भागात माळावर सातेरी आणि फुलोरी माश्या असतात, पण ज्या वर्षी दुष्काळ पडतो त्या वर्षी त्याही कमी होतात. तेव्हा माणसानं माशीचं काम करायचं. सकाळी साडेसहा-सातला रानात जा. नुकतं उमललेलं नर फूल देठासकट खुडा. त्याच्या पाकळ्या मागं सोलून काढा, हातात परागाची पिवळी दांडी राहते. बोट लावून बघा, पिवळी धूळ लागली पाहिजे. ती दांडी मादी फुलाच्या गोंड्यावर सगळ्या फाकांना लागेल अशी हलक्या हातानं फिरवा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. झालं. दिवसाआड अर्धा तास, असे तीन आठवडे. मी स्वतः पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी रोज केलं, आणि वेलामागं एका फळाची दोन झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळ देठाकडून खाली वाकतं आणि हिरवं चमकू लागतं, ते बघण्यातलं समाधान शब्दांत सांगता येणार नाही.

कोणत्या दिवसाचं फूल धरायचं, हेही पंचांगच सांगतं. परागीभवनापासून फळ पक्कं व्हायला ४५ ते ५० दिवस लागतात. सणाच्या दोन महिने आधी धरलेली फळं सणाला विकायची आणि त्यानंतर धरलेली पडवीत ठेवायची. एका वेलावर दोन, फार तर तीन फळं राहू द्यावीत आणि मग शेंडा खुडावा. उरलेल्या नर फुलांची भजी छान होतात आणि बाजारात जुडी करून विकलीही जातात, पण सकाळी नऊच्या आत ती खुडू नका.

श्रावण-भाद्रपदात दोन त्रास येतात. पानांवर पिठासारखी भुरी आणि फळात माशी. भुरीसाठी गंधकाची भुकटी मारायची सवय द्राक्षवाल्यांकडून आपल्याकडं आली आहे, पण वेलवर्गाला गंधक सोसत नाही, उन्हात पानं करपतात. ब्राझीलमध्ये १९९९ साली एका संशोधकानं भोपळ्याच्याच जातीच्या झुकिनीवर गाईचं दूध पाण्यात मिसळून फवारलं आणि भुरी आटोक्यात येत असल्याचं दाखवलं. नऊ भाग पाण्याला एक भाग दूध, आठवड्यातून एकदा, भुरीचे पहिले ठिपके दिसताच. पाच गुंठ्यांना ते परवडतं. पान वेडंवाकडं, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचं आणि आक्रसलेलं दिसलं तर तो विषाणू, त्याला औषध नाही, वेल उपटून जाळावा.

फळमाशी जास्त लबाड. ती कोवळ्या फळाच्या सालीला टोचून आत अंडी घालते. बाहेरून फक्त डिंकाचा एक थेंब दिसतो, आत अळ्या. पाच गुंठ्यांत दोन कामगंध सापळे पुरतात, फुलं लागायच्या आधी टांगलेले. दुकानात सापळ्याची वडी मागताना वेलवर्गाच्या माशीची, म्हणजे क्यू ल्यूर, असं स्पष्ट सांगा. आंब्याच्या माशीची मिथिल युजेनॉल वडी निराळी असते, ती लावली तर आपली माशी तिकडं फिरकत नाही. आणि टोचलेली फळं रानात किंवा उकिरड्यावर टाकू नका. माझ्या हातून ही चूक झाली. पहिल्या वर्षी नासकी फळं मी बांधावर फेकली, आणि त्यातल्या अळ्या मातीत जाऊन पंधरा दिवसांत नव्या माश्या होऊन परत आल्या. मागाहून धरलेली निम्मी फळं त्यात गेली. दोन फूट खोल खड्डा करून पुरणं हाच उपाय. फवारायची वेळ आलीच तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर.

पाण्याचं म्हणाल तर पावसाळी डांगराला रोजचं पाणी लागत नाही. उघडीप पडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आळ्याला पाच लिटर, फळ फुगताना दहा लिटर. १३६ आळ्यांना दहा लिटर म्हणजे १,३६० लिटर, घरामागच्या शेततळ्यातून किंवा विहिरीवरून ते काढता येतं. आळ्यावर सरमाड किंवा वाळलेल्या गवताचा चार बोटं थर घातला तर पाण्याची पाळी दोन दिवसांनी लांबते. फळ मुठीएवढं झालं की त्याच्याखाली सरमाडाची चुंबळ करून ठेवावी, डोक्यावर घागर घेताना करतात तशी. परतीच्या पावसात ओल्या मातीला टेकलेलं फळ खालून सडतं, चुंबळीवरचं सडत नाही. तोडणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडायचं. डोंगराकडेला रान असेल तर साळिंदर येतं, बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण आधीच घालून ठेवावं.

फळ पिकलं हे रंगावरून ओळखू नका, काही जातींचा रंग आधीच बदलतो. देठ बघा, तो वाळून बुचासारखा, रेघारेघांचा झालेला असतो. साल नखानं टोचून बघा, नख आत गेलं तर आणखी आठ दिवस थांबा. जमिनीला टेकलेली बाजू पांढरी असते ती पिवळसर झालेली दिसते. तोडताना पिरगाळून ओढायचं नाही, कोयत्यानं दोन-तीन बोटं देठ ठेवून कापायचं. देठ मोडला की तिथून बुरशी शिरते आणि तीन महिने टिकणारं फळ तीन आठवड्यांत जातं. देठाला धरून उचलायचंही नाही. तान्ह्या मुलाला उचलतात तसं खालून दोन्ही हातांनी.

नंतरचे दहा दिवस वाळवणीचे. वारा खेळत्या सावलीत, कडब्यावर, एका थरात. या दिवसांत साल टणक होते, बारीक ओरखडे भरून येतात आणि गर गोड होतो. पाण्यानं धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. आठवड्यातून एकदा प्रत्येक फळ उलटं करून बघा, मऊ लागलं ते लगेच काढा. चांगली वाळवलेली फळं थंड कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज राहतात. थांबण्याची ताकद म्हणालो ती या दहा दिवसांत तयार होते. ज्यानं हे दहा दिवस दिले नाहीत त्यानं डांगर लावूनही टोमॅटोच लावला.

हिशेब मांडू. १३६ पैकी १०० वेल नीट फळले असं धरा, वेलामागं दोन फळं, फळ सरासरी तीन किलो. सहाशे किलो. ठोक दहा रुपयांनी सहा हजार होतात, आठवडी बाजारात स्वतः बसून वीस रुपयांनी विकलं तर बारा. हे भाव समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या बाजारातला भाव तुम्ही घाला. बियाणं, सापळे, दूध, येण्याजाण्याचं भाडं वजा करा. यात घर चालत नाही. पण पोराची शाळेची फी निघते, दिवाळीचा किराणा उधारीवर आणावा लागत नाही.

सहा आणि बारा हजारांतला फरक विकण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्यानं रानात येऊन सगळा माल उक्ता मागितला. मोजमाप नको, गाडीही त्याचीच. सोय म्हणून दिला. गाडी भरताना मी मनातल्या मनात फळं मोजत गेलो आणि शेवटी कळलं, की निम्म्या वजनाचे पैसे आले आहेत. तेव्हापासून वजन काट्याशिवाय एक फळ जात नाही. माल बाजार समितीत नेणार असाल तर हे माहीत असू द्या, की २०१६ च्या जुलैपासून राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टी हातात आली की नीट वाचा.

बाजारात फोड विका. चार किलोचं डांगर बघून गिऱ्हाईक पुढं जातं, अर्धा किलोच्या फोडीसाठी थांबतं. पहिलं डांगर बसल्याबरोबर कापायचं आणि केशरी गर समोर धरायचा. एका वेळी एकच कापा, ते संपत आलं की दुसरं. विळ्याभोपळ्याचं वैर आपल्या बोलण्यात मुरलं आहे ते उगाच नाही, पिकलेल्या डांगराची साल विळी घसरवते. आधी देठाशेजारी कोयत्याचं टोक रुतवून खाच करावी, मग वरून दाब द्यावा. उरलेली फोड घरी गेली तर घारगे होतात. गोंदवल्यात रोज प्रसादाच्या पंगती बसतात, शिखर शिंगणापूरला यात्रा भरते, लग्नसराईत मंगल कार्यालयं चालू असतात. अशा ठिकाणच्या स्वयंपाकघरांत आणि खानावळींत श्रावणातच विचारून ठेवावं. त्यांना आठवड्याला ठरावीक माल लागतो आणि तुमच्या पडवीत तो तयार असतो. बाजारात टोपलं घेऊन बसणाऱ्या बायकांची बचत मोलाची आहे, हे म्हसवडनं १९९७ सालीच दाखवून दिलं. चेतना सिन्हांनी बायकांना घेऊन माणदेशी महिला सहकारी बँक तिथंच उभी केली. डांगराचे पैसे एकरकमी येत नाहीत, आठवड्याला थोडे थोडे येतात. ते त्याच दिवशी वेगळे टाकले तरच पुढच्या मेमध्ये दिसतात.

बियांचं एक सांगतो. शहरात भोपळ्याच्या हिरव्या बिया महाग विकल्या जातात म्हणून काहींना त्याच धंद्याची ओढ लागते. त्या हिरव्या बिया यंत्रानं सोललेल्या तरी असतात, नाहीतर ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागातल्यासारख्या टरफल नसलेल्या जातींच्या. आपल्या डांगराचं टरफल चिवट, हातानं सोलून ते परवडत नाही. भाजून मीठ लावून घरात खावं.

लावणीचं बी मात्र घरचंच धरावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. तेच काम आपल्या अंगणातही होतं. चांगल्या वेलावरची उद्या उमलणारी एक मादी कळी आणि त्याच वाणाच्या दोन नर कळ्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायच्या, सकाळी सोडून हातानं पराग लावायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. म्हणजे शेजारच्या वाणाचा पराग त्यात येत नाही. देठावर खुणेची चिंधी बांधा. ते फळ सगळ्यात शेवटी तोडून महिनाभर तसंच ठेवा, मग कापा. कापल्यावर गराचा कण जिभेला लावून बघा. कडू लागला तर ते डांगर खायचं नाही, विकायचं नाही आणि त्याचं बीही धरायचं नाही. कडवटपणा विषारी असतो.

आत्ती हे सगळं शिकलेली नव्हती, पण तिचंही एक फळ ठेवलेलं असायचं. संक्रांतीनंतर ती ते कापायची, बी राखेत चोळून सूपभर पसरायची, आणि वाळल्यावर ओल्या शेणात दाबून त्याची गोवरी भिंतीला थापायची. डझनभर बिया एका गोवरीत. उन्हाळाभर ती भिंतीवर असायची, चुलीत जाऊ नये म्हणून तिच्यावर खडूची फुली. रोहिणी नक्षत्र निघालं की ती ओट्यावर बसून गोवरी फोडायची आणि बिया तांब्यातल्या कोमट पाण्यात सोडायची.